उंदराचं डोकं गार होतं: टेम्परेचर गन चार महिने वापरल्यावर

ही गन, म्हणजे हात न लावता दुरून तापमान मोजणारं यंत्र, घेतली ती गुंडी जेवेना म्हणून. गुंडी म्हणजे माझी पाळलेली बॉल पायथन (अजगराचीच एक जात), सहा वर्षांची. घाबरली की गोळा होऊन डोकं मधे खुपसते, म्हणून हे नाव. एरवी दर दोन आठवड्यांनी एक उंदीर, विषय संपला. यंदा मात्र अकरा आठवडे तिने तोंड लावलं नाही. आई फोनवर माझी खुशाली नंतर विचारायची, आधी "जेवली का ती?"

बॉल पायथन उपास करण्यासाठी बदनामच आहेत. थंडीत किंवा विणीच्या काळात मोठा, धडधाकट साप महिनोन् महिने खात नाही आणि त्याचं काही बिघडत नाही, हे मला पाठ होतं. पाठ असलं तरी रात्री दोनला मोबाइलचा दिवा घेऊन तिच्या काचेच्या टाकीत डोकावायचं काही सुटत नव्हतं. सापांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. तोंडात सूज नाही, श्वासाला घरघर नाही, नाकातोंडाशी बुडबुडे नाहीत, अंगावर गोचीड नाही. 1,240 ग्रॅमवरून 1,165 वर आली होती. दहा टक्क्यांच्या पुढे घसरली तर परत या, तोवर टाकीतलं तापमान नीट बघा, एवढंच ते म्हणाले. मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं, तापमान बरोबर आहे, 31 दाखवतंय.

दाखवत होता तो काचेला आतून चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर. घरी येऊन तो उपटला आणि कपाटात ठेवला. तासाभराने बघितलं तर तिथेही 31. त्याच दिवशी गन मागवली.

दिसायला खेळण्यातल्या पिस्तुलासारखी, घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि पडद्यावर आकडा येतो. पहिल्या संध्याकाळी मी काचेबाहेरून सगळीकडे नेम धरला. गरम कोपरा 25, गार कोपरा 25, गुंडी स्वतः 25. धाबं दणाणलं. मग पत्रकातली बारीक ओळ वाचली: ही गन काचेपलीकडचं बघत नाही, काचेचंच तापमान सांगते. लेझर आरपार जातो, म्हणून आपण फसतो. झाकण उघडून वरून नेम धरायला हवा. ही सूचना डब्यावर ठळक छापायला काय झालं होतं?

झाकण उघडल्यावर खरी गंमत कळली. तिच्या लपायच्या डब्यातली जमीन 27. तिथे 32 च्या आसपास हवं, कारण साप अंगातून ऊब तयार करत नाही. जमीन गार असेल तर पोटात गेलेलं पचत नाही, आणि हे सापाला आपल्याआधी कळतं. मग मी हाताने तळाशी पसरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बाजूला केलं आणि खालच्या काचेवर घोडा दाबला. 44! दोन महिन्यांपूर्वी ओलावा टिकावा म्हणून मीच कोकोपीटचा जाड थर दिला होता. टाकीखाली ऊब देणारी विजेची मॅट आहे, आणि तिला चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर त्या थरावर पडलेला. वरचं गार, म्हणून थर्मोस्टॅट मॅटला सारखा तापवतोय, आणि ती ऊब थराखालीच अडकलीये. थर्मोस्टॅट बिनपडद्याचा, नुसतं बटण फिरवायचं, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. गुंडी खणत तळाशी गेली असती तर पोट भाजलं असतं. हे वाक्य लिहितानाही अंगावर काटा येतोय.

सेन्सर मॅट आणि काचेच्या मधे पक्का चिकटवला, त्या बाजूचा थर अर्ध्या इंचावर आणला, ओलाव्यासाठी ओलं शेवाळ भरलेला वेगळा डबा ठेवला. दोन दिवस बटण थोडं थोडं फिरवत, गन मारत, डब्यातली जमीन 32 आणि गार बाजू 26 वर बसवली. मग आठवडाभर तिला हात लावला नाही.

आता उंदीर. फ्रीजरमधला उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात सोडायचा, हे मी वर्षानुवर्षं करतेय. (मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. का, ते एकदा घालून बघणाऱ्याला विचारा.) त्या दिवशी पिशवीत पाणी शिरलं आणि उंदीर भिजला. चिमट्याने पुढे धरला. गुंडी बाहेर आली, जीभ लवलवली, मानेचा इंग्रजी एस झाला. श्वास रोखून उभी मी. आणि ती हळूच वळून आत गेली.

हातात गन होतीच, उंदरावर नेम धरला. पोट 36, डोकं 28. ओली केसाळ कातडी भराभर गार होते, त्यात डोकं एवढंसं. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खाचांची रांग असते, त्यांतून तिला ऊब जाणवते. अंधारात ती मारा करते तो बऱ्याच अंशी या उबेवर. म्हणजे मी तिच्यापुढे डोकं नसलेलं काहीतरी नाचवत होते. गन आणि गुंडी दोघी एकच गोष्ट बघतात, अंगावरची ऊब, आणि मला इतकी वर्षं ती दिसतच नव्हती.

उंदीर टिश्यूने खसाखसा पुसून कोरडा केला, फक्त डोकं पिशवीसकट गरम पाण्याच्या कपात अर्धा मिनिट धरलं. 39. दिवा बंद केला, चिमटा पुढे केला. हिसका इतका जोरात बसला की चिमटा हातातून सुटला. वेटोळं पडलं, आणि वीस मिनिटांनी शेपटीचं टोक तेवढं ओठाबाहेर लोंबत होतं. आईला फोन केला तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिने पहिल्या रिंगला उचलला.

गनमुळेच जेवली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. थंडीही सरत आली होती. पण 44 चा आकडा मला दुसऱ्या कशाने दाखवला नसता.

आता तक्रारी. लाल ठिपका म्हणजे मापाची जागा नव्हे. माझ्या गनचं प्रमाण 12:1 आहे, म्हणजे बारा इंचांवरून ती इंचभर वर्तुळाची सरासरी घेते. तीन फुटांवरून उंदराच्या डोक्यावर नेम धरलात तर पडद्यावर निम्मा आकडा मागच्या भिंतीचा असतो. जवळ जा. पाण्याच्या स्टीलच्या भांड्यावर आकडा हमखास चुकतो, कारण चकचकीत धातू दुसऱ्याचीच ऊब परावर्तित करतो. हवेचं तापमान कळतच नाही, त्याला वायरच्या टोकाशी सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर वेगळा लागतो. दोन अंशांचा फरक पडू शकतो असं पत्रकातच लिहिलंय.

सगळ्यात वाईट म्हणजे लेझर दर वेळी आपोआप लागतो. सापाला पापण्या नसतात, तो डोळे मिटू शकत नाही. बंद करायची सोय आहे, पण दोन बटणं एकदम दाबून धरायची, आणि बॅटरी बदलली की ठिपका पुन्हा हजर. मी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकलीये. जवळून मारायचं असल्यावर ठिपक्याची गरजही पडत नाही.

पाचपैकी चार तारे. पाचवा तारा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला, त्या अकरा आठवड्यांत मला झोप लागली असेल तर ती त्याच्यामुळे. काल गुंडी 1,231 भरली. गन सध्या नवऱ्याकडे आहे, तो इस्त्रीचं तापमान मोजतोय.