पहिलं सादरीकरण कुठे करावं: प्रादेशिक बायोमेकॅनिक्स परिषद की एएसबीचं वार्षिक अधिवेशन?

अमेरिकेत बायोमेकॅनिक्समध्ये (शरीराच्या हालचाली आणि त्यांमागच्या बलांच्या अभ्यासात) एमएस किंवा पीएचडी करत असाल आणि हातात सात-आठ जणांचाच डेटा असेल, तर आधी प्रादेशिक परिषदेत जा. अभ्यास पूर्ण झाला असेल आणि पोस्टडॉक किंवा नोकरी शोधायची असेल, तर वार्षिक अधिवेशनच गाठायला हवं.

अमेरिकन सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्स (एएसबी, स्थापना १९७७) सहसा ऑगस्टमध्ये भेटते: २०२३ ला नॉक्सव्हिल, २०२४ ला मॅडिसन, २०२५ ला पिट्सबर्ग. रॉकी माउंटन, मिडवेस्ट, नॉर्थवेस्ट या प्रादेशिक परिषदा मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी असतात. शुल्क कमी, प्रवास बऱ्याचदा गाडीने होण्याजोगा. मात्र नॉर्थवेस्टची परिषद कधी कॅनडात भरते. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो, त्यामुळे ठिकाण जाहीर होताच अर्ज करा.

खरा फरक बोलण्याच्या संधीत आहे. वार्षिक अधिवेशनात व्यासपीठावरच्या जागा मोजक्या, त्यामुळे नवख्यांच्या वाट्याला बहुधा पोस्टर येतं. प्रादेशिक परिषदेत एमएसच्या विद्यार्थ्यालाही माइक मिळतो, आणि समोर बसलेले प्राध्यापक शिकवण्याच्या भावनेने प्रश्न विचारतात.

ते प्रश्न नेमके असतात. फिल्टरचंच घ्या. उडी मारून उतरण्याच्या अभ्यासात मार्करचा (अंगावर लावलेल्या, कॅमेऱ्याने टिपलेल्या खुणांचा) डेटा १० हर्ट्झला आणि फोर्स प्लेटचा (पायाखालचं बल मोजणाऱ्या पाटीचा) ५० हर्ट्झला फिल्टर केला, तर पाय टेकताक्षणी गुडघ्याच्या मोमेंटमध्ये (सांधा फिरवणाऱ्या बलाच्या परिणामात) खोटं शिखर उमटतं. बलाचा झटका तसाच राहतो, पण त्याच्याशी जुळणारं पायाचं त्वरण मार्करच्या फिल्टरमध्ये गुळगुळीत होऊन जातं. अनुभवी माणूस आलेख बघताच कट-ऑफ (ज्या वारंवारतेच्या वरचे बदल फिल्टर गाळतो ती) विचारतो. जाण्याआधी दोन्हींना एकच कट-ऑफ लावून आलेख पुन्हा काढा आणि तो राखीव स्लाइडवर ठेवा. मोमेंट अंतर्गत (स्नायू वगैरेंचा) की बाह्य (बाहेरच्या बलांचा), धन दिशा कोणती, आणि आकडे न्यूटन-मीटर प्रति किलोग्रॅममध्ये आहेत का, हे आलेखावरच लिहा. ते नसेल तर प्रश्नोत्तरांचा वेळ खुलाशातच जातो.

हा डेटा ऑगस्टमध्येही दाखवायचा असेल तर तारखा नीट बघा. वार्षिक अधिवेशनाचा गोषवारा सहसा वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो आणि प्रादेशिक परिषदा नंतर, वसंतात येतात. म्हणजे तिथल्या सूचना गोषवाऱ्यात घालता येणार नाहीत, पण ऑगस्टच्या पोस्टरमध्ये नक्की घालता येतील. एकच काम दोन्हीकडे चालतं का, हे दोन्ही नियमावल्यांत वाचा आणि गाइडसह सगळ्या सहलेखकांची संमती आधी घ्या.

ओळखींच्या बाबतीत वार्षिक अधिवेशन सरस. देशभरातल्या प्रयोगशाळांचे प्रमुख, उपकरणांच्या कंपन्या, नोकरी देणारे सगळे एका छताखाली असतात. पण गर्दीही तेवढीच. ज्यांना भेटायचंय त्यांना दोन आठवडे आधी ईमेल टाका. लहान परिषदेत जेवणाच्या टेबलावरच ओळख होते.

पोस्टरची मापं दोन्हीकडे सारखी असतीलच असं नाही. ४८ बाय ३६ इंच गृहीत धरून छापू नका, बोर्डाचं माप आधी विचारा. विमानाने जाणार असाल तर कापडी पोस्टर छापा. घडी करून बॅगेत बसतं.

विभागाकडून प्रवासखर्च वर्षातून एकदाच मिळणार असेल, तर तो ऑगस्टसाठी राखा आणि वसंतात चौघांनी मिळून गाडीने जा.