आर्चबिशप आल्फेजवरचं व्याख्यान: हिशेब चोख, टिपण कच्चं

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होणारं हे दोन तासांचं सशुल्क व्याख्यान तिकिटाचे पैसे वसूल करून देतं. मात्र या इंग्लिश धर्मगुरूची सुरुवातीची सनावळी सोसायला हवी: बाथचा मठ, 984 ला विंचेस्टरचं बिशपपद, 1006 ला कॅन्टरबरीची गादी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं सर्वोच्च पद.

खरी गंमत इंग्लंडने व्हायकिंग हल्लेखोरांना दिलेल्या खंडणीच्या कोष्टकात आहे. 991 ला 10,000 पौंड, 994 ला 16,000, 1002 ला 24,000, 1007 ला 36,000, 1012 ला 48,000. पडद्यावर आकडे एकाखाली एक आले की राजा एथेलरेडची कोंडी वेगळी सांगावी लागत नाही. पौंडाला चांदीच्या 240 पेनी. म्हणजे शेवटची रक्कम 1 कोटी 15 लाख 20 हजार नाणी! चौथाईशी केलेली तुलना मात्र फसवी. चौथाईला महसुलाच्या चौथ्या हिश्शाचं माप होतं. इथे दर खेपेला घासाघीस करून ठोक रक्कम ठरे.

घोळ आहे 3,000 पौंडांचा. 1009 ला पूर्व केंटच्या लोकांनी तेवढे मोजून व्हायकिंग सरदार थॉर्केलच्या सैन्याशी तह केला. पुढे त्याच सैन्याच्या कैदेत पडलेल्या आल्फेजच्या सुटकेसाठी मागितलेले 3,000 निराळे, आणि तो आकडा बऱ्याच नंतरच्या बखरीतला. छापील टिपणात दोन्ही एकाच ओळीत आल्याने त्याच्यासाठी पैसे भरले गेले असं वाटतं. उलट, आपल्यासाठी कुणी काही भरू नये, असं त्याने बजावलं होतं. 48,000 पौंड देशाच्या नावावर गेले.

सप्टेंबर 1011 मध्ये कॅन्टरबरी फितुरीने पडलं आणि आल्फेज कैद झाला. फितूर एल्फमारचा जीव आधी आल्फेजनेच वाचवला होता. हा धागा वक्ते दोन वाक्यांत उरकतात. 19 एप्रिल 1012 ला ग्रीनिचला दारू प्यालेल्या सैनिकांनी त्याला हाडं आणि बैलांची मुंडकी फेकून मारलं, शेवटचा घाव कुऱ्हाडीच्या तुंब्याचा. पडद्यावरच्या चित्रात पातं आहे, ते बदलावं.

कॅन्टरबरीचा नंतरचा आर्चबिशप लानफ्रांक याची शंका उत्तम मांडली आहे: श्रद्धेसाठी नव्हे, पैसे नाकारून मेलेला माणूस हुतात्मा कसा? न्यायासाठी मेला तो सत्यासाठीच मेला, हे त्याचा शिष्य आन्सेल्म याचं उत्तर. प्रश्नोत्तरं इथेच रंगतात, तेव्हा साडेआठची लोकल धरायच्या घाईत उठू नका. मागच्या रांगांना आवाज पोचत नाही, पुढे बसा.