सात महिन्यांनंतर: टीव्ही बॉक्सचं वाय-फाय चांगलं आहे, घड्याळ दगा देतं

गुरुवारी लाइट गेली, दुपारी आली, आणि टीव्हीला लावलेल्या अँड्रॉइड बॉक्सवर पुन्हा तेच: वाय-फायच्या खुणेवर उद्गारचिन्ह आणि खाली ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो, लॅपटॉप चालतो, अडकतो तो फक्त टीव्ही बॉक्स. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणं काही नवीन नाही, त्यामुळे हा त्रास अनेक घरांत होत असणार. पहिल्या दोन महिन्यांनंतर माझं मत होतं की या बॉक्सचं वाय-फायच कच्चं आहे. ते मत मी मागे घेतो. वाय-फायमध्ये दोष नाही, दोष घड्याळात आहे, आणि तो कळेपर्यंत बॉक्स बदलण्यापर्यंत वेळ येते.

बॉक्स नेहमीचाच: अँड्रॉइड टीव्ही ११, दोन्ही बँडचं (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) वाय-फाय, एक लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची जागा), दोन यूएसबी.

जोडणी पाच मिनिटांची आहे. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, वाय-फाय सुरू, आपलं नाव निवडायचं, पासवर्ड टाकायचा. रिमोटच्या बाणांनी वीस अक्षरी पासवर्ड टाकताना लहान-मोठ्या अक्षरांची चूक हमखास होते, त्यामुळे घरातला साधा यूएसबी कीबोर्ड किंवा माउस बॉक्सला लावा. कुठलाही ड्रायव्हर लागत नाही. पासवर्ड बरोबर असूनही ‘सेव्ह्ड’वरच अडकत असेल तर राउटरची सुरक्षा पाहा. फक्त डब्ल्यूपीए-३, म्हणजे वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत, निवडलं असेल तर जुने बॉक्स जोडले जात नाहीत, आणि काही बॉक्स मिश्र पर्यायावरही अडखळतात. आधीची पद्धत, डब्ल्यूपीए-२ एईएस, ठेवली की प्रश्न मिटतो. राउटरमध्ये मॅक फिल्टर (मॅक म्हणजे उपकरणाचा ओळख-पत्ता, यादीतल्या पत्त्यांनाच आत घेणारी सोय) लावलेला असेल तर बॉक्समध्ये त्या नेटवर्कचा ‘प्रायव्हसी’ पर्याय उघडून उपकरणाचा मूळ मॅक वापरायला सांगा, नाहीतर बॉक्स बनावट पत्ता दाखवतो आणि राउटर त्याला दारातच अडवतो. होस्टेल किंवा पीजीमध्ये ब्राउझरमधून लॉगिन करावं लागतं तिथे हा बॉक्स थेट जोडायच्या भानगडीत पडू नका. स्वतःचा छोटा राउटर किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा.

५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसतच नसेल तर बहुतेक वेळा कारण चॅनेल असतं. राउटर ‘ऑटो’वर असला की कधी ५२ ते १४४ या पट्ट्यात जाऊन बसतो. तिथले चॅनेल रडारसाठी सोडावे लागतात म्हणून अनेक स्वस्त बॉक्स तिकडे बघतच नाहीत. काल दिसत होतं आणि आज गायब झालं, याचं उत्तर हेच. राउटरमध्ये चॅनेल हाताने ३६ ते ४८ मध्ये ठेवा, ते जमलं नाही तर १४९ ते १६१ मध्ये. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. पेठांमध्ये किंवा जुन्या सोसायट्यांत मोबाइलवर स्कॅन केलं तर वीस-पंचवीस राउटर दिसतात. तिथे ४० मेगाहर्ट्झची रुंदी लावली तर वेग वाढण्याऐवजी अडथळेच वाढतात.

भिंतींचा विचार आधी करा, मग पैसे खर्च करा. कोथरूडच्या जुन्या इमारतींतली साडेचार इंची विटांची भिंत ५ गिगाहर्ट्झ सहज पार करतं, नऊ इंचीही बऱ्यापैकी. वाकड, बाणेर, हिंजवडीच्या नव्या टॉवरमध्ये मायवन पद्धतीचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून केलेलं, बांधकाम असतं. तिथे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, आणि आत सळया. सिग्नल पाडायला अशी एक भिंत पुरे होते, दोन असल्या तर ५ गिगाहर्ट्झ सोडून द्या. बॉक्सच्या जागी मोबाइल धरून सिग्नल मोजा: उणे ५० ते ६० डीबीएम (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत फोर-के चालतं, उणे ७५ च्या खाली गेलं की चित्र अडकणारच. बॉक्स टीव्हीच्या मागे चिकटवू नका. पॅनेलच्या मागचा धातूचा पत्रा सिग्नल खातो. एक फूट लांबीच्या एचडीएमआय केबलने तो बाजूला काढला की ८ ते १० डीबीचा फरक दिसतो, आणि त्यासाठी पाच-सहा हजारांचा मेश राउटर घ्यावा लागत नाही.

सुखद आश्चर्य हे की या बॉक्सचं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय त्याच्याच लॅनपेक्षा वेगवान आहे. लॅन पोर्ट १०० मेगाबिटचा आहे, म्हणजे प्रत्यक्षात ९४ च्या वर जात नाही. ५ गिगाहर्ट्झवर एका अँटेनालाही ४३३ ची लिंक (कागदावरचा वेग) मिळते आणि त्याच खोलीत २०० च्या आसपास खरा वेग. २.४ वर लिंक ७२ ची आणि हातात पडतात ३५-४०. फोर-केला १५ ते २५ मेगाबिट पुरतात, त्यामुळे तिन्ही चालतात. पण ‘केबल म्हणजे नेहमी वेगवान’ म्हणून हॉलमधून वायर ओढायच्या आधी पोर्टचा आकडा बघा. मायवनच्या भिंती असतील तर मात्र वायरच बरी, स्थिर तरी राहते.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावल्यावर वाय-फाय पडतं हीही एक तक्रार असते. ती खरी आहे आणि तिचं कारण माहीत असलेलं आहे. यूएसबी ३ च्या वायरीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, इंटेलने २०१२ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. ब्लूटूथ रिमोटही त्याच पट्ट्यात असल्यामुळे तोही अडखळतो. डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला लावा, सिनेमा बघायला तो वेग भरपूर आहे.

आता घड्याळ. बॉक्सच्या तळाचे रबरी पाय काढून चार स्क्रू सोडले की बोर्ड दिसतो, आणि त्यावर बटण सेलची जागाच नाही. लाइट असेपर्यंत वेळ चालते. लाइट गेली की बॉक्स तारीख विसरतो. परत सुरू झाल्यावर काही बॉक्स १ जानेवारी १९७० दाखवतात, काही फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बनल्याची तारीख. खरी वेळ इंटरनेटवरून, एनटीपी या घड्याळ जुळवायच्या पद्धतीने, विचारून घ्यायची, अशी रचना आहे. नेट असेल तर दोन-चार सेकंदांत वेळ दुरुस्त होते आणि काही कळतही नाही.

अडचण लाइट येण्याच्या क्रमात आहे. बॉक्स तीस-चाळीस सेकंदांत उभा राहतो. राउटरचं वाय-फाय मिनिटभरात दिसायला लागतं. पण फायबरच्या मोडेमवरचा पॉनचा (फायबर जोडलं गेल्याचा) हिरवा दिवा स्थिर व्हायला आणि आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, मिळायला दोन-तीन मिनिटं जातात. काही इमारतींत ऑपरेटरचा स्विच जिन्यातल्या डक्टमध्ये असतो, तो स्वतःच उशिरा जागा होतो. तेवढ्यात बॉक्स वाय-फायला जोडला जातो, वेळ विचारतो, उत्तर येत नाही. थोड्या-थोड्या अंतराने काही वेळा पुन्हा विचारतो आणि मग मोठी विश्रांती घेतो. नंतर नेट येतं, पण बॉक्सची तारीख जुनीच राहते. तारीख जुनी असल्यामुळे सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं, म्हणजे सर्व्हरची ठरावीक मुदतीची डिजिटल ओळखपत्रं, त्याला ‘अजून लागूच झालेली नाहीत’ असं वाटतं आणि तो एकेक सर्व्हर नाकारतो. नेट आहे की नाही हे तपासण्यासाठी अँड्रॉइड जी चाचणी करतो तिचाही एक भाग सुरक्षित जोडणीवरून जातो आणि तो पडतो, म्हणून ‘नो इंटरनेट’.

यातली सर्वांत फसवी अवस्था म्हणजे काही अॅप चालणं आणि काही न चालणं. त्याचंही कारण तारखेतच आहे. सप्टेंबर २०२० मध्येच ब्राउझरांनी ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीची नवी प्रमाणपत्रं स्वीकारणं बंद केलं, आणि अनेक सेवा तर तीनेक महिन्यांचीच प्रमाणपत्रं वापरतात. समजा बॉक्स पाच महिने मागच्या तारखेवर उठला. ज्या सेवेचं प्रमाणपत्र सात महिन्यांपूर्वी निघालं ती चालेल. ज्या सेवेचं गेल्या महिन्यात नवीन झालं ती पडेल. आपण समजतो की त्या अॅपमध्ये बिघाड आहे, मग कॅशे पुसतो, अॅप काढून पुन्हा टाकतो, आणि प्ले स्टोअरच उघडत नाही म्हणून तेही हातचं जातं.

ओळखायची पद्धत सोपी आहे. ‘नो इंटरनेट’ दिसलं की राउटरला हात लावायच्या आधी होम स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ बघा. पुरेसं नाही वाटलं तर सेटिंग्ज, ‘डिव्हाइस प्रेफरन्सेस’, ‘डेट अँड टाइम’मध्ये तारीख आणि वर्ष बघा. नव्या गुगल टीव्हीत हेच ‘सिस्टिम’खाली असतं. तारीख चुकीची असेल तर मोडेमवर पॉनचा दिवा स्थिर आहे आणि एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा विझलेला आहे याची खात्री करा, मग बॉक्सचं वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करा. नवी जोडणी झाली की बॉक्स वेळ पुन्हा विचारतो आणि बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर रीस्टार्ट. त्यानेही नाही झालं तर ‘ऑटोमॅटिक डेट अँड टाइम’ बंद करा, आधी टाइम झोन भारताचा, म्हणजे जीएमटी अधिक साडेपाच, करा आणि मग तारीख-वेळ हाताने भरा. क्रम उलटा केला तर वेळ पुन्हा सरकते. नेट सुरू झालं की ऑटोमॅटिक परत लावायला विसरू नका.

सर्व्हिस सेंटरला मी चार वेळा विचारलं, उत्तर चारही वेळा एकच होतं: फॅक्टरी रिसेट करा. याचा मला मनापासून राग आहे, कारण रिसेटने बॉक्स खरंच सुरू होतो आणि ग्राहकाची समजूत पक्की होते की सॉफ्टवेअर बिघडलं होतं. रिसेट होऊन बॉक्स उठेपर्यंत मोडेमला नेट आलेलं असतं, वेळ मिळते, म्हणून तो चालतो. एका साध्या रीस्टार्टनेही हेच झालं असतं, आणि सगळी लॉगिन, सगळी अॅप, मुलांची प्रोफाइल पुन्हा लावत बसायची वेळ आली नसती. तीस-चाळीस रुपयांचा सीआर २०३२ सेल आणि त्याचा होल्डर वाचवायचा आणि त्याची किंमत दर लोडशेडिंगला ग्राहकाने मोजायची, हा हिशेब मला पटत नाही.

कायमचा उपाय बॉक्सवर नाही, मोडेमवर करायचा. बॉक्सला बॅकअप द्यायची गरजच नाही. तो बंद पडू दे, उठेल तेव्हा नेट तयार हवं एवढंच. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, राउटरचा मिनी यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो. घेताना मोडेमच्या अॅडॉप्टरवरचे आकडे बघा: व्होल्टेज तंतोतंत तेच, साधारण १२, आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त. दीड अँपिअर मागणाऱ्या मोडेमला एक अँपिअरचा यूपीएस लावला तर मोडेम दर काही मिनिटांनी रीस्टार्ट होतो. डब्यावरच्या एमएएचला भुलू नका. ८००० एमएएच हे ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात, म्हणजे साधारण ३० वॉट-तास. मोडेम ८ वॉट खात असेल तर गळती धरून तीन तास. गुरुवारची लाइट सहा तास गेली तर हा पुरत नाही. मग लाइट आल्यावर पॉनचा दिवा लागेपर्यंत बॉक्सचं बटण बंद ठेवा. फुकटचा उपाय हाच आहे, आणि घरातल्या सगळ्यांना तो सांगून ठेवता येतो. घरात इन्व्हर्टर असेल तर यूपीएसही घेऊ नका, इलेक्ट्रिशियनला सांगून मोडेमचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. बिल्डिंगचा स्विच बिनबॅकअपचा असेल तर मात्र यांपैकी काहीच उपयोगाचं नाही, तिथे बटणाचाच उपाय.

यूपीएस लावल्यापासून तीन तासांच्या आतल्या प्रत्येक लाइट जाण्यानंतर बॉक्स स्वतःहून नेटवर आलाय. त्यामुळे आता पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड गुण त्या न बसवलेल्या सेलचा.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. या बॉक्सचा अॅडॉप्टर ५ व्होल्टचा आहे, मोडेमचा १२ चा, आणि दोन्हींची गोल पिन सारख्याच मापाची, ५.५ बाय २.१. टीव्ही युनिटच्या मागे दोन्ही वायरी शेजारी लोंबत असतात. १२ ची पिन बॉक्समध्ये गेली तर बोर्ड त्याच क्षणी जळतो आणि वॉरंटी हात वर करते. उलटं झालं, ५ ची पिन मोडेमला लागली, तर मोडेम फक्त सुरू होत नाही. यूपीएस जोडायच्या आधी १२ च्या पिनेला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि बॉक्सच्या भोकाशेजारी मार्करने ‘५’ लिहून ठेवा.