मृत्यूच्या दाखल्यातील दोन गहाळ नोंदी : आइस क्यूबचा 'डेथ सर्टिफिकेट', आठ महिन्यांनंतर

सप्टेंबरमध्ये पुतण्याला स्टेशनवर सोडायला निघालो होतो आणि मोटारीत नेहमीप्रमाणे आइस क्यूब या कृष्णवर्णीय अमेरिकन रॅपरचा 'डेथ सर्टिफिकेट' हा अल्बम चालू होता. पुतण्याने मोबाईलवर गाण्यांची यादी काढली, माझ्या सीडीच्या डबीमागची यादी पाहिली आणि तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे दोन गाणी कमी आहेत." फेब्रुवारीपासून कामावर जाता-येता जो अल्बम मी पाठ होईपर्यंत ऐकला, तो अपुरा होता हे मला असे कळले.

आइस क्यूबचा हा दुसरा अल्बम १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हते ते एवढेच, की अमेरिकेत वीस गाण्यांचा असलेला हा अल्बम ब्रिटनमध्ये अठरा गाण्यांचा करून विकला गेला. 'ब्लॅक कोरिया' आणि 'नो व्हॅसलिन' ही दोन गाणी इथल्या आवृत्तीतून काढून टाकली होती. मी राहतो इंग्लंडमध्ये आणि माझ्या जुन्या मोटारीत केवळ सीडी चालते, त्यामुळे चॅरिटी शॉपमधून दीड पौंडाला उचललेली माझी प्रत अर्थातच इथली निघाली. एका गाण्याला साधारण आठ पेन्स पडले असताना तक्रार कसली करायची, असे पत्नीचे म्हणणे होते. मला ते पटले नाही.

मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आठ पौंडांना 'संपूर्ण अमेरिकन आवृत्ती' मागवली आणि पाकिटातून पुन्हा अठरा गाण्यांचीच प्रत निघाली. तक्रार केल्यावर मुखपृष्ठ तर तेच आहे, असे उत्तर आले. मुखपृष्ठ तेच होते, यात शंका नाही : अमेरिकी झेंड्याने झाकलेले प्रेत आणि पायाच्या अंगठ्याला 'अंकल सॅम', म्हणजे खुद्द अमेरिकेच्या टोपणनावाची चिठ्ठी. चार ईमेल झाल्यावर त्याने आठ पौंड परत केले. प्रत परत पाठवण्याचे तीन पौंड वीस पेन्स मात्र माझ्याच खिशातून गेले. अखेर ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या ठिकाणाहून अकरा पौंडांना वीस गाण्यांची सीडी आली. दोन गाण्यांसाठी मोजलेला हा पैसा वसूल झाला का, हे सांगण्यासाठीच हा अनुभव लिहीत आहे.

आधीच्या सात महिन्यांत माझे मत फार चांगले झाले होते. अल्बमचे दोन भाग आहेत, 'डेथ साइड' आणि 'लाइफ साइड'. कृष्णवर्णीय समाज आज कुठे आहे ते पहिल्या भागात सांगायचे आणि त्याने कुठे जायला हवे ते दुसऱ्यात, अशी ही मांडणी आहे. पहिल्या भागातले 'अलाइव्ह ऑन अरायव्हल' मी सिग्नलवर थांबलेलो असताना दोनदा मागे नेऊन ऐकले आहे. गोळी लागलेला तरुण लॉस एंजेलिसच्या सरकारी इस्पितळात पोहोचतो, तिथे डॉक्टरांच्या आधी पोलीस त्याला प्रश्न विचारू लागतात आणि ताटकळत तो मरतो. गाण्याची चाल जराही चढत नाही आणि तेच अंगावर येते. 'माय समर व्हेकेशन'मध्ये लॉस एंजेलिसचे गर्द विकणारे धंदा वाढवायला सेंट लुईसला जातात, ही हकिगत एखाद्या फिरत्या विक्रेत्याच्या सुरात सांगितली आहे. आणि माझ्या प्रतीत सर्वांत शेवटी 'अस' (म्हणजे 'आपण') होते, ज्यात क्यूब आपल्याच लोकांना आरशासमोर उभे करतो. दोष दुसऱ्यांना देत देत शेवटी स्वतःकडे वळणारा हा माणूस मला प्रामाणिक वाटला होता.

वीस गाण्यांच्या प्रतीत शेवट 'अस'वर होत नाही. त्यानंतर 'नो व्हॅसलिन' येते, आणि ते निव्वळ पैशाचे भांडण आहे. हिशेबावरून बिनसल्यावर क्यूब १९८९ च्या अखेरीस एन.डब्ल्यू.ए. हा आपला रॅप गट सोडून गेला, जुन्या साथीदारांनी १९९० आणि १९९१ मध्ये त्याला आपल्या रेकॉर्डवरून डिवचले, आणि त्याने पाच मिनिटांत एकेकाचा पंचनामा करून गटाचा व्यवस्थापक जेरी हेलरचा ज्यू म्हणून उद्धार केला. शब्दांची धार विलक्षण आहे आणि त्यातला मजकूर घाणेरडा आहे. कात्री चालवणाऱ्याने नकळत अल्बमला अधिक शहाणा शेवट दिला होता आणि मला आवडलेला प्रामाणिक माणूस निम्मा त्याच कात्रीने घडवलेला होता, हे पचवायला मला आठवडा लागला.

'ब्लॅक कोरिया' केवळ ४६ सेकंदांचे आहे. त्यामागची घटना १६ मार्च १९९१ ची. लटाशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची मुलगी लॉस एंजेलिसच्या एका दुकानात १.७९ डॉलरचा संत्र्याचा रस घ्यायला गेली, कोरियन दुकानदार बाईने तिच्यावर चोरीचा आळ घेतला, झटापट झाली आणि बाईने पाठमोऱ्या मुलीच्या डोक्यात गोळी घातली. मुलीच्या हातात दोन डॉलर होते. अल्बम बाजारात आल्यावर काही दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, त्या बाईला तुरुंगवासाऐवजी प्रोबेशन (देखरेखीखाली मोकळीक), ४०० तासांची समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड झाला. गाण्यात मात्र मुलीचे नाव नाही. दुकानात मागे मागे फिरणाऱ्या नजरेचा संताप आहे, बहिष्काराचा इशारा आहे आणि शेवटी दुकान जाळण्याची धमकी आहे. १९९२ च्या एप्रिलअखेरीस लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली तेव्हा कोरियन मालकांच्या दोन हजारांहून अधिक दुकानांची नासधूस झाली. गाण्यामुळे दंगल झाली असे मी म्हणत नाही, पण ती धमकी आता निव्वळ यमक म्हणून ऐकता येत नाही.

ती नजर मी स्वतः वापरली आहे. शिकत असताना संध्याकाळी मी एका कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर बसत असे. दारावर 'एका वेळी दोनच शाळकरी मुले' अशी पाटी होती आणि चॉकलेटांच्या फळीवरचा गोल आरसा मुले आत आली की आपोआप माझ्या डोळ्यांसमोर येई. एकदा एका मुलाने खिशातले पेन्स काउंटरवर एकेक करून, मोठ्याने मोजत ठेवले होते. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला होता.

आता कात्रीबद्दल. ही दोन गाणी कापताना ज्या गाण्यात एका मुलीच्या बापाला दारात उभे करून तिच्या अब्रूची लक्तरे काढली आहेत, ते संपूर्ण गाणे जसेच्या तसे ठेवले आहे. बायकांना उद्देशून वापरलेली एकही शिवी गाळलेली नाही. कोणाचा अपमान कापण्याजोगा आणि कोणाचा विकण्याजोगा, हे त्या अठरा गाण्यांच्या यादीवरून सरळ वाचता येते, आणि एवढ्यासाठी तरी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवाव्यात असे मला वाटू लागले आहे. दीड पौंडाची प्रत मी टाकलेली नाही.

नवी प्रत दीड महिना मोटारीत आहे. 'अस' संपले की मी बहुधा सीडी बंद करतो, म्हणजे ज्या गाण्यासाठी चार ईमेल लिहिले ते मी ऐकत नाही, हे पत्नीच्या लक्षात आले आहे. 'ब्लॅक कोरिया' मात्र टाळता येत नाही. स्टिअरिंगवरचा हात काढून बटणापर्यंत नेईपर्यंत ते संपलेले असते.