रूमएन्कोडर : भिंतींना आरसे मानणारं फुकटचं प्लगइन

ऑस्ट्रियातल्या ग्राट्झच्या आयईएम या संस्थेचा अँबिसॉनिक्स (आवाज सर्व दिशांसकट साठवायची पद्धत) प्लगइन-संच, म्हणजे ध्वनी-सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा संच, मोफत आणि मुक्तस्रोत आहे. त्यातलं रूमएन्कोडर सर्वांत कामाचं. ते चौकोनी खोलीची प्रत्येक भिंत आरसा मानतं, त्यात स्रोताची प्रतिमा कुठे पडेल ते काढतं आणि तेवढ्या अंतराचा डिले (उशीर) लावतं. ॲलन आणि बर्कली यांनी १९७९ साली मांडलेली हीच ती पद्धत. इथे स्रोत हलता असतानाही दोनशेहून जास्त परावर्तनं चालू आवाजावर निघतात.

हिशेब ताडून बघता येतो. स्रोत आणि श्रोता २ मीटर अंतरावर, दोघं जमिनीपासून १.२ मीटर उंच. जमिनीवरून येणारा आवाज ३.१२ मीटर चालतो, म्हणजे सरळ आवाजापेक्षा ३.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो; ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे नमुने) साधारण १५७ सॅम्पल. त्यामुळे दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि १५२ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. आवाज पोकळ वाटला तर इक्यूला (सूर-पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी स्रोताची किंवा श्रोत्याची उंची बदला.

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक ६४ चॅनलचा केला की सातवी ऑर्डर मिळते; ऑर्डर जितकी वरची, तितकी दिशा बारीक कळते. तिसरीला १६ पुरतात. ट्रॅक दोनच चॅनलचा राहिला, तर पुढच्या बायनॉरल डीकोडरला (हेडफोनसाठी दोन कानांचा आवाज बनवणाऱ्या प्लगइनला) वर-खाली, पुढे-मागे काही कळत नाही. दुसरी चूक जास्त फसवी. हे प्लगइन इनपुटलाही अँबिसॉनिक समजतं, त्यामुळे स्टिरिओ फाइल थेट दिली की उजवा चॅनल स्रोताची दिशा ठरवणारा घटक बनतो आणि आवाज एका बाजूला झुकतो. फाइल मोनो करा, किंवा इनपुटची ऑर्डर शून्यावर ठेवा.

डॉप्लर, म्हणजे स्रोत हलल्यामुळे सूर चढणं-उतरणं, आपोआप येतो. ऑटोमेशनमध्ये (आधी आखून ठेवलेल्या हालचालीत) स्रोत ०.१ सेकंदात ४ मीटर लांब नेला, तर तेवढा वेळ षड्ज थेट कोमल निषादावर घसरतो! उडी मारायची असेल तर गायकाच्या श्वासाच्या जागी मारा. थेट मॉनिटरिंगला (गाता-वाजवताना स्वतःचा आवाज ऐकायला) सरळ मार्गाचा डिले शून्य करणारं बटण दाबाच. ५ मीटरवर तो जवळपास १५ मिलिसेकंद होतो.

घुमट, खांब, तिरक्या भिंती यात बसत नाहीत. स्रोत आणि श्रोता दोघंही खोलीच्या मध्यरेषेवर ठेवले तर समोरासमोरच्या भिंतींची परावर्तनं एकाच वेळी येऊन पत्र्यासारखा आवाज होतो. एकाला ३०-४० सेंटिमीटर सरकवा. लांब शेपटी (रेंगाळणारा घुमारा) मात्र यातून ओढून काढू नका, त्यासाठी याच संचातलं एफडीएनरिव्हर्ब मागे लावा. प्रोसेसर दमला तर आधी परावर्तनांची संख्या कमी करा, ऑर्डर नंतर.