तरणतलाव कायमचा, बास्केटबॉलचं मैदान उचलायचं?

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्यापासून आर्किटेक्चरला असलेला भाचा विचारतोय, "मामा, पक्कं बांधकाम बरं की तात्पुरतं?" त्याला २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकची जोडी दाखवली: वास्तुरचनाकार झाहा हदीद यांचं जलतरण केंद्र आणि पांढऱ्या कापडी आवरणाचं बास्केटबॉल अरिना.

खर्चात सामना एकतर्फी. १२,००० आसनांचं अरिना साधारण ४ कोटी पौंडांत उभं राहिलं. जलतरण केंद्राचा पहिला अंदाज ७ कोटींच्या आसपास होता, बिल २५ कोटींच्या वर गेलं. लाटेसारखं छप्पर फुकट थोडंच मिळतं!

स्पर्धेनंतरचं चित्र मात्र उलटं. अरिना २०१३ मध्ये उतरवलं, वस्तीला इमारत म्हणून काहीच उरलं नाही. पण रिकाम्या हॉलचं वीजबिलही कुणाच्या गळ्यात पडलं नाही. तलावाच्या दोन्ही बाजूंचे प्रेक्षकांसाठीचे तात्पुरते पंख काढून १७,५०० आसनांची सुमारे २,५०० केली, तिथे काचा बसवल्या आणि २०१४ पासून साधं तिकीट काढून कुणीही पोहू शकतं. स्पर्धेत याच पंखांतल्या काही वरच्या जागांवरून छताआड १० मीटरचा डायव्हिंग प्लॅटफॉर्म दिसत नव्हता, हेही त्याला सांगितलं.

परिसरात पोहणारी पोरं, शाळा, क्लब आधीच असतील आणि देखभालीचे पैसे दरवर्षी कोण भरणार हे कागदावर ठरलं असेल, तर पक्कं बांधा, फक्त जादा खुर्च्या सुट्ट्या ठेवा. गर्दी पंधरवड्यापुरतीच असेल, तर उचलता येईल असंच उभारा.