सॅडलबॅगचा रिव्ह्यू: बॅग ठीक, रेन कव्हर बेभरवशाचं, ताडपत्रीचं लायनर एक नंबर

जुलैत पुण्यातनं निघायचं, ताम्हिणी उतरून माणगावला लागायचं आणि तिथनं एनएच ६६ धरून सरळ खाली कन्याकुमारी असा प्लॅन आहे. पनवेल ते कन्याकुमारी हा हायवे साधारण १६०० किमी भरतो आणि जुलैत कोकण, गोवा, कारवार, उडुपी, पुढे केरळ, कुठेच पावसातनं सुटका नसते. अशा ट्रिपला सामान कोरडं राहणं ही चैन नाहीये हो. ओली पँट घालून दिवसभर सीटवर बसलं की मांड्या सोलवटतात, पुढचे सगळे दिवस त्याच त्रासात जातात आणि कोकणातल्या लॉजवर रात्रभर फॅनखाली टाकलेली जीन्स सकाळी जशीच्या तशी दमट असते, ज्यांनी केलंय त्यांना माहितीये.

तर रिव्ह्यू आहे बाइकच्या दोन्ही बाजूला लटकवायच्या कापडी सॅडलबॅगांचा. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण असलंच कापड, अशीच शिवण आणि असंच पिवळं रेन कव्हर बाजारात बऱ्याच ब्रँडच्या बॅगांना असतं, त्यामुळे जे सांगतोय ते तुमच्या बॅगलाही लागू पडण्याची शक्यता जास्त.

आधी चांगलं सांगतो. कापड १६८० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर आहे, जाड आणि दणकट, खडीला घासलं तरी फाटत नाही. बेल्ट रुंद, बकल चांगले, भरून लावली तरी खड्ड्यात बॅग हलत नाही. आतल्या बाजूला कडक शीट टाकलीये त्यामुळे आकार टिकतो, रिकामी बॅग चाकात जायची भीती नाही. एवढ्यापुरतं पैसे वसूल.

आता पाणी. बॅग घेतल्यावर घरीच टेस्ट केली आणि प्रत्येकाने ती निघायच्या आधी करावीच, फुकटात होते. बॅगेत चुरगाळलेले कोरडे पेपर खच्चून भरायचे, कोपऱ्यात पण कोंबायचे, बॅग गाडीला लावायची आणि बागेच्या पाइपने पंधरा मिनिटं वरनं, बाजूने आणि मुख्य म्हणजे मागच्या चाकाकडनं पाणी मारायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट नको, त्याने चांगली शिवण पण उसवते. मग एकेक पेपर हळूच काढून बघायचा की कुठल्या कोपऱ्यातला भिजलाय. माझ्या बॅगेत वरचे पेपर कुरकुरीत कोरडे, बॅगेच्या चेनजवळचे थोडे दमट आणि तळाच्या दोन कोपऱ्यातले चक्क लगदा. कव्हर लावून परत टेस्ट केली तर वरनं येणारं पाणी थांबलं पण तळाचे पेपर तरीही ओले.

कस्टमर केअरला फोन केला. "सर, फॅब्रिक वॉटरप्रूफ आहे, बॅग वॉटर रेझिस्टंट आहे, पावसात रेन कव्हर वापरायचं." मी म्हटलं अहो कव्हर लावूनच सांगतोय. तर म्हणे "सर, हेवी रेनमध्ये थोडं येऊ शकतं." बॅगेच्या पेजवर मात्र मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलंय. हे मला अजिबात पटलेलं नाही, माणूस तेवढ्या एका शब्दावर विश्वास ठेवून कॅमेरा, औषधं, कागदपत्रं आत टाकतो. विकत घेताना आयपी रेटिंग, म्हणजे बॅग किती पाणी अडवते त्याचा नंबर, विचारा. आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे, आयपीएक्स ६ म्हणजे जोरदार पाण्याचा मारा, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून. रेटिंगच सांगत नसतील तर बॅग गळणार असं धरूनच चाला.

बॅग नेमकी गळते कुठनं ते नीट बघितलं. कापडाच्या आतल्या बाजूला पीयूचं (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) कोटिंग असतं, ते पाणी अडवतं, त्यात खोट नाही. पण शिवताना सुईने हजारो भोकं पडतात आणि वर दोरा पाणी शोषून आत ओढतो. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बॅगेत टाकून चेन लावली तर तळाच्या शिवणीवर बारीक बारीक उजेडाचे ठिपके ओळीने दिसले, जिथे बेल्ट शिवलाय तिथे तर चौकोनभर ठिपके कारण तिथे मजबुतीसाठी क्रॉस टाके मारलेत. जिथे बॅग सगळ्यात मजबूत तिथेच सगळ्यात जास्त गळते.

आणि रेन कव्हरचं तर गणितच चुकलंय. कव्हरचं तोंड, म्हणजे इलॅस्टिकची बाजू, गाडीकडे असते आणि मागचं चाक चिखलपाणी उडवतं ते बरोब्बर तिकडनंच. ते पाणी कव्हरच्या आत शिरतं, खाली पिशवीसारखं साठतं आणि बॅगेचा तळ त्यात भिजत राहतो, म्हणजे कव्हर नसतं तर निदान निथळून तरी गेलं असतं. कव्हरच्या सगळ्यात खालच्या टोकाला एक छोटं आयलेट (धातूची कडी लावलेलं भोक) मारून घ्या, दहा-वीस रुपयात कुठलाही बॅग रिपेअरवाला मारून देतो, साठलेलं पाणी निघून जातं. आणि एक नाडी लावून कव्हर बॅगेला बांधून टाका, ऐंशीच्या वर गेलं की वाऱ्याने फुगून उडतं.

जुनी बॅग असेल आणि आतनं पांढरे पोपडे निघत असतील, हाताला चिकट लागत असेल, आंबूस वास येत असेल तर तिचं कोटिंग मेलं. पीयू दमटपणात हळूहळू तुटतं, म्हणून ओली बॅग तशीच माळ्यावर टाकली की दोन-तीन पावसाळ्यात ही गत होते. तिला सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा लेप) लावून उपयोग नाही, तिला फक्त आतनं लायनर, म्हणजे बॅगेच्या आत बसणारी दुसरी पिशवी.

नव्या बॅगेला सीम सीलर लावता येतो, मी लावला. पीयू कोटिंगला युरेथेनवाला सीलर लागतो, सिलिकॉनवाला त्याच्यावर नीट धरत नाही आणि सिलिकॉन कोटिंगच्या कापडाचं बरोबर उलटं. आतनं शिवण स्पिरिटने पुसायची, ब्रशने पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, दुसरा हात मारायचा आणि दिवसभर तोंड उघडं ठेवून द्यायची. घरात पडलेला झटपट चिकटणारा ग्लू चुकूनही नको, तो कडक होतो आणि बॅग वाकली की तडकतो. सीलरने फरक भरपूर पडला पण चेनचं काय, चेनमधनं दमटपणा येतोच. सीलरला पाचपैकी तीन.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. पुण्यात बोहरी आळीत ताडपत्रीची दुकानं आहेत, तिथल्या एका शेठकडे दोन्ही बॅगांच्या आतल्या मापाची लायनर करून घेतली. शेठनी बॅग उलटी केली, तळाच्या शिवणीवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सुई गेली तिथे भोक पडलं साहेब. आपल्याला सुई नकोच." ट्रकवर टाकतात ती पीव्हीसी कोटेड ताडपत्री, त्यातली जरा हलकी, घडी पडेल अशी. कारागिराने दोन कडा एकावर एक दोन बोटं चढवल्या, मधनं गरम हवेच्या मशीनचं चपटं नॉझल सरकवत नेलं आणि मागनं लगेच रबरी रोलर दाबत गेला, प्लॅस्टिक वितळून एकजीव होतं. दोरा नाही की सुई नाही. थंड झाल्यावर त्याने मला जोड ओढून बघायला लावला, ताडपत्री ताणली पण जोड जागचा हलला नाही. मग लायनरमध्ये बादलीभर पाणी ओतून टांगून ठेवलं, बाहेरनं हात फिरवला तर कोरडं ठणठणीत. ही उलटी टेस्ट दुकानातच करून घ्या, घरी आल्यावर परत हेलपाटा नको.

तोंड रोलटॉप, म्हणजे घड्या मारून बंद करायचं, ठेवलं. सांगताना हे विसरू नका की उंची बॅगेपेक्षा वीतभर तरी जास्त हवी, कारण हवा दाबून काढून कमीत कमी तीन घड्या माराव्या लागतात, दोन घड्यात पाणी येतं. आणि रंग आतनं पिवळा किंवा पांढरा घ्या. काळ्या लायनरमध्ये संध्याकाळी चार्जर शोधणं म्हणजे वैताग आहे.

दोन्हीचे मिळून साडेआठशे घेतले. तयार ड्राय बॅगा यापेक्षा महाग पडतात आणि गोल असतात, चौकोनी सॅडलबॅगेत कोपऱ्यातली जागा फुकट जाते. जाड कचऱ्याच्या पिशव्या पण चालतात असं लोक सांगतात, एका दिवसाला चालतात, पुढे चेनच्या दाताला अडकून फाटतात.

जूनच्या शेवटाला ताम्हिणीत नेऊन बघितलं, समोरची गाडी दिसत नव्हती असला पाऊस. बाहेरची बॅग भिजून दुप्पट जड, पण लायनर उघडलं तर टीशर्ट जसे इस्त्री करून ठेवलेले तसे. आईच्या बीपीच्या गोळ्या याच बॅगेत जाणारेत, ती पण बरोबर येतीये कारवारपर्यंत, त्यामुळे हे बघून जो जीव भांड्यात पडला तो सांगता येत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. लायनर पाणी आत येऊ देत नाही तसं बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून ओला टॉवेल, मोजे त्यात टाकायचे नाहीत, त्यांना वेगळी पिशवी बाहेरच्या बॅगेत लायनरच्या वरती. आणि सायलेन्सरची बाजू बघा. माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला तो उजवीकडे आहे, तिकडची बॅग चार बोटं वर बांधलीये आणि मध्ये हीट शील्ड टाकलंय, पीव्हीसी उष्णतेने लगेच मऊ पडतं.

मार्क द्यायचे तर बॅगेला तीन, कव्हरला एक, लायनरला पूर्ण पाच. करून घ्यायचं असेल तर मे महिन्यातच जा आणि बॅग बरोबर न्या, नुसतं माप चालत नाही. जून लागला की सगळी आळी पत्र्याच्या शेडवर टाकायच्या ताडपत्र्यांत बुडालेली असते, छोट्या कामाला कोणी हात लावत नाही. दुपारी दोन ते चार जेवायची वेळ, तेव्हा जाऊ नका, आणि गाडी लांब पार्क करून चालत जा.